नकाशातला हिरवा चौकोन

आमच्या कॉलनीचा मंजूर नकाशा मी पहिल्यांदा पाहिला, तो घरफाळ्याच्या एका दुरुस्तीसाठी कागद गोळा करताना. पिवळट पडलेला कागद, त्यावर आखलेले ५८ प्लॉट आणि मधोमध हिरव्या पेन्सिलीने भरलेला एक चौकोन. आत बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'खुली जागा', आणि खाली क्षेत्रफळ, साडेसहा गुंठे. त्या चौकोनाच्या कडेने मी वीस वर्षं मंडईला जात-येत होते. तिथे होत्या कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या फोडलेल्या फरशा, ड्रेनेजच्या कामातून उरलेले सिमेंटचे पाइप, माणूसभर वाढलेलं गाजरगवत आणि चाकं काढून नेलेली एक व्हॅन.

कोल्हापुरातल्या कुठल्याही वसाहतीतून फेरफटका मारा, असा चौकोन सापडतोच. लेआउट मंजूर करून घेताना साधारण १० टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते. प्लॉट विकताना ती जागा कौतुकाने दाखवली जाते आणि प्लॉट विकले गेले की तिच्याकडे बघायला कुणी उरत नाही. मग तिचं तीनपैकी एक काहीतरी होतं. एक तर ती खरमाती टाकायची जागा बनते. नाहीतर कुणीतरी रातोरात चौथरा बांधतं आणि पुढच्या वर्षी त्यावर पत्र्याची शेड चढते. किंवा निधी येतो आणि मग कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, चार बाक, व्यायामाची रंगीत यंत्रं, कोनशिला असं सगळं रीतसर होतं. दोन पावसाळ्यांत ब्लॉक उचकटतात, यंत्रं गंजतात, फाटकाला कुलूप लागतं. ज्यांच्या नावाने जागा सोडली त्यांचा पाय या तिन्ही प्रकारांत तिथे पडत नाही.

माझं म्हणणं असं आहे, की या खुल्या जागांचा निदान काही भाग महापालिकेने तिथल्या रहिवाशांना भाजीपाला पिकवण्यासाठी लेखी कराराने, ठरावीक मुदतीसाठी द्यावा. आणि रहिवाशांनीही सुशोभीकरणाचा निधी मागण्याआधी ही मागणी करावी. मी मुद्दाम भाजीपाला म्हणते आहे. शोभेच्या झाडाला पाणी घालायला पगारी माळी लागतो, आणि माळ्याचं कंत्राट संपलं की झाड वाळतं. मेथीच्या वाफ्याला आज पाणी चुकलं तर परवा ती पिवळी पडते, आणि ते ज्याला दिसतं त्याच्याच ताटातली भाजी जाते. म्हणून तो येतो. ज्या जागेवर माणूस रोज येतो त्या जागेवर खरमातीचा डंपर रिकामा करायला कुणी धजत नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही सात बायका आणि दोन निवृत्त गृहस्थ असे नऊ जण उभे राहिलो. नगरसेवकाकडे जावं म्हटलं तर नगरसेवकच नव्हते. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. तेव्हा कुणाची वाट न बघता गाजरगवत उपटलं, फुलोऱ्यावर यायच्या आत, हातमोजे घालून. फरशा एका कोपऱ्यात रचल्या. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून टोमॅटो आणि वांग्याचा तरवा आणला आणि उत्साहाने लावून टाकला. पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडली, महिन्यात मेली.

आमच्या गल्लीत एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला येतात. रंकाळ्यापलीकडच्या गावातून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या. त्यांनी पाटी उतरवून मेलेल्या रोपांकडे पाहिलं, चपलेच्या टोकाने जमीन उकरली आणि म्हणाल्या, "वैनी, हितं माती कुठं हाय? ह्यो सगळा मुरूम आन् राख. आदी जमीन करा, मग भाजी."

जमीन करायची. आमच्या भाषेत हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या तोंडी रोजचा आहे. आम्ही शहरात राहून विसरलो होतो. भरावाच्या जागेवर माती नसते, ती घडवावी लागते, आणि त्याला एक पावसाळा जातो. बागेच्या नावाखाली जो निधी खर्च होतो त्यातला एक रुपयाही मातीवर खर्च झालेला मी पाहिलेला नाही. सगळा जातो जमिनीवर काहीतरी झाकण घालण्यात.

जमीन कशी करायची हे सांगणारा माणूस याच गावात होऊन गेला आहे. श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवलं, कोल्हापुरात राहिले, आणि 'प्रयोग परिवार' नावाने शेतकऱ्यांचं जाळं उभं केलं. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनी जी झेप घेतली तिच्यामागे या परिवाराचा मोठा हात होता. दाभोळकरांचा हिशेब गणिताचा होता. एका चौरस फुटावर सूर्य रोज किती ऊर्जा ओततो, पान ती किती पकडतं, त्यातून किती वजन तयार होतं हे मोजायचं आणि त्या मोजमापावर शेती उभी करायची. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, असं त्यांचं गणित होतं. आणि ते फक्त शेतकऱ्यांशी बोलत नव्हते. शहरातल्या गच्चीवर उसाची चिपाडं, घरातला ओला कचरा आणि मूठभर माती यांच्या आधाराने भाजी निघते, हे त्यांनी लोकांना करून दाखवायला लावलं. मुंबईतल्या गच्चीवर शेती करणाऱ्यांनी त्यांच्याकडून धडे घेतले. २००१ मध्ये ते गेले. त्यांच्या शहरात मात्र खुल्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवले जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कारण जमीन करायला जे लागतं ते कोल्हापूरइतकं सहज क्वचितच दुसऱ्या शहराला मिळत असेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. शहराच्या चारी बाजूंना तोडलेल्या उसाचं पाचट पडलेलं असतं, आणि बरंचसं पेटवून दिलं जातं. त्या धुराचा वास आपल्या घरापर्यंत येतो. गुऱ्हाळांवर चिपाडं असतात. शेणासाठी तर गावाबाहेरही जावं लागत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेल्या म्हशी मिरवतात, म्हणजे पेठांमध्ये गोठे आहेत आणि गोठ्यांत शेण आहे. तेच शेण नाल्यात वाहून जातं तेव्हा ते प्रदूषण होतं. दाभोळकरांच्या वाटेने शेती करणारे शेण, गोमूत्र, थोडा काळा गूळ आणि पाणी कालवून तीन दिवस ठेवतात आणि दहापट पाणी घालून पाल्यावर शिंपडतात. गुळाच्या गावाला यातलं काय महाग आहे?

आम्ही तसंच केलं. दहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफे विटांच्या आणि त्या फोडलेल्या फरशांच्या कडा लावून उंच घेतले. तळाला पाचट, वर शेणकाला, वर घरातला ओला कचरा, पुन्हा पाचट. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुकं, हे प्रमाण सांभाळलं तर वास येत नाही आणि माश्या होत नाहीत. ते चुकलं की शेजारी तक्रार करतात आणि त्यांचं बरोबर असतं. घनकचऱ्याचे नियम कचरा घरातच वेगळा करायला सांगतात. आपण तो वेगळा करतो, टिपरमध्ये टाकतो आणि पुढे काय होतं ते बघत नाही. एका घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा धरला तर आमच्या ५८ घरांचा तीस किलोच्या आसपास होतो. सगळा जिरवायची ताकद आमच्या वाफ्यांत नाही. पण जेवढा जिरतो तेवढा लाइन बाजारच्या कचरा डेपोतल्या ढिगावर जात नाही.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. कोल्हापूर हे फौंड्रीचं शहर आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या भट्ट्यांमधून वापरून झालेली काळी वाळू बाहेर पडते आणि ती भरावाला स्वस्तात मिळते. तुमच्या खुल्या जागेच्या पोटात ती असू शकते. जमीन उकरल्यावर काळी, किरकिरीत, तेलकट वासाची वाळू लागली तर त्या जमिनीत थेट भाजी लावू नये. खाली जाड थर देऊन, बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफेच करावेत, किंवा तिथे फुलझाडं लावावीत. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब आणि नत्र-स्फुरद-पालाश कळतं. जड धातू त्यात येत नाहीत, ते वेगळे तपासून घ्यावे लागतात. हा खर्च नऊ माणसांना परवडत नाही. शहरात शासकीय कृषी महाविद्यालय आहे, महापालिकेने त्यांच्या मदतीने खुल्या जागांची माती एकदा तपासून घ्यावी, ही माझी पहिली ठोस मागणी आहे. रहदारीच्या रस्त्याला लागून पालेभाजी लावू नये, आणि नाल्याचं पाणी भाजीला कधीही देऊ नये. जयंती नाल्याच्या काठाने हिरवीगार भाजी दिसली तरी ती मी घेणार नाही.

मग पाणी कुठून आणायचं? या प्रश्नावर बहुतेक बैठका मोडतात, म्हणून हिशेब मांडते. पालेभाजीला उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे पूर्ण गुंठाभर वाफे असतील तर रोज ५०० लिटर. प्रत्यक्षात निम्मी जागा पायवाटांत जाते आणि वर पाचटाचं आच्छादन असेल तर गरज आणखी उतरते. आम्ही साडेसहापैकी दोनच गुंठ्यांवर काम करतो, आमचं रोजचं पाणी चारशे-पाचशे लिटरच्या पुढे जात नाही. छतावरची एक टाकी. दुसऱ्या बाजूला कोल्हापुरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या एका छतावर त्यातून नव्वद हजार लिटरच्या आसपास पाणी येतं आणि पन्हाळीतून गटारीत जातं. ते सगळं साठवता येणार नाही. पण बंद पडलेल्या कूपनलिकेत गाळून सोडता येतं, आणि आमच्या कॉलनीत अशी एक कूपनलिका होती. नळाचं पाणी भाजीला घालणं मला स्वतःला पटत नाही. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनसाठी या शहराने किती वर्षं आंदोलनं केली आणि २०२३ मध्ये ते पाणी आलं तेव्हा लोकांना काय वाटलं, हे मी पाहिलं आहे. ते पाणी प्यायचं आहे.

कूपनलिकेवर मोटर बसवायला वीजजोडणी हवी होती, म्हणून आम्ही एका कार्यालयात अर्ज केला. तिथे आम्हाला सांगण्यात आलं, की उद्यानासाठी तरतूद आहे, मंदिरासाठी लोक मागतात, क्रीडांगणासाठी मागतात, पण 'खुल्या जागेवर भाजी' असा प्रकार कुठल्याच रकान्यात बसत नाही. सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्याने खरंच कागद उलटून पाहिले. रकाना नव्हता. अखेर एका घराने आपल्या मीटरवरून वायर दिली आणि अजून तीच चालू आहे. माझ्या लेखाचा सगळा रोख या नसलेल्या रकान्याकडे आहे. माणसं आहेत, शेण आहे, पाचट आहे, जागा नकाशात आहे. ज्या कागदावर हे एकत्र येईल तो कागद नाही.

कागद नसण्यामागे एक भीती आहे, आणि ती मी समजू शकते. या राज्याने 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ऐकली आहे, १९४८ चा कुळकायदा पाहिला आहे. एकदा कसायला दिली की जमीन परत येत नाही, असं अधिकाऱ्याच्या मनात खोलवर असतं. रहिवाशांच्याही मनात असतं : आज चार बायका कोथिंबीर लावतील, उद्या कुंपण घालतील, परवा म्हणतील आमचीच. म्हणूनच करार हवा. मालकी कुणाची बदलणार नाही, बांधकाम चालणार नाही, कुंपण कमरेच्या वर जाणार नाही, भाजी विकता येणार नाही, तीन किंवा पाच वर्षांनी नव्याने अर्ज करावा लागेल. अशा दहा ओळी पुरतात. तोंडी परवानगीने केलेली बाग दोन्ही बाजूंना धोक्याची असते. महापालिकेला अतिक्रमणाचा धोका, आणि मातीवर चार वर्षं घालवलेल्या माणसाला एका सकाळी जेसीबी येण्याचा.

हा दुसरा धोका कल्पनेतला नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची उकिरडा झालेली जागा साफ करून बाग केली. पुढच्याच वर्षी शहराने ती त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. पाहता पाहता शहरभर शेकडो बागा झाल्या. पण बहुतेकांकडे टिकाऊ हक्क नव्हता. जमिनीचे भाव चढले आणि १९९९ मध्ये शंभराहून अधिक बागा शहराने लिलावात काढल्या. लोक रस्त्यावर आले, शेवटी दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या तेव्हा त्या वाचल्या. उलट ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे लोकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे देणं हे स्थानिक संस्थेचं कामच ठरवलं, आणि तिथे शंभर वर्षांनंतरही लोक आपापल्या तुकड्यावर बटाटे काढत आहेत. भाजी दोन्हीकडे लोकांनी स्वतःच लावली होती, कागद मात्र एकाच ठिकाणी होता.

आपल्याकडे कागदाची किंमत आणखी एका कारणाने आहे. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण पडलं आणि १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. नकाशातलं हिरवं असं गुपचूप पुसलं जातं. लेआउटमधल्या खुल्या जागांची गोष्ट वेगळी, त्या आरक्षणासारख्या उडत नाहीत. पण वापरात नसलेल्या जागेवर डोळा ठेवणारे तिथेही असतात. तुमच्या कॉलनीतली जागा कुणाच्या नावावर आहे ते सिटी सर्व्हे कार्यालयात प्रॉपर्टी कार्ड काढून आधी बघा. महापालिकेच्या, सोसायटीच्या, की अजून मूळ मालकाच्याच. आमच्याकडे हे बघायला आम्ही दोन वर्षं लावली, ते पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जोरदार आक्षेप कॉलनीतल्या पोरांचा होता. कोल्हापूर फुटबॉलचं गाव आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांचे सामने शाहू स्टेडियमवर असले की पेठा ओस पडतात. पोरांनी आम्हाला स्पष्ट विचारलं, "काकू, आमी खेळायचं कुठं?" मला वाटतं, इथे बागेने माघार घ्यावी. जिथे आधीपासून चेंडू खेळला जातो ती जागा बागेने मागू नये. मागायच्या त्या कडा, कोपरे, पाण्याच्या टाकीभोवतालची जागा, शाळेच्या मागचं आवार, समाजमंदिराची पिछाडी. आमच्या जागेत पोरांनी आणि आम्ही मिळून चुन्याची रेघ मारली, आणि चेंडू वाफ्यात आला तर भांडायचं नाही असं ठरलं. पालेभाजीला पाच-सहा तास ऊन लागतं, ते कोणत्या कोपऱ्यात पडतं हे शेवटी त्याच पोरांनी सांगितलं. दिवसभर तिथे तेच असतात.

दुसरा आक्षेप : भाजी तर स्वस्त मिळते, एवढा खटाटोप कशाला? कपिलतीर्थ मंडईत, लक्ष्मीपुरीत, गल्लीच्या तोंडाशी करवीर तालुक्यातली ताजी भाजी रोज येते. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी बागेला पैशांची बचत म्हणून पुढे करत नाही. शहर बागेवर जगेल असंही म्हणत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस गावात ना भाजी आली ना पेट्रोल. तेव्हा दोन गुंठ्यांच्या बागेने फार तर एका छावणीची दोन वेळची भाजी भागली असती. मला बाग हवी आहे ती दुसऱ्या कारणाने. आमच्या कॉलनीत वीस वर्षं शेजारी राहून ज्यांनी एकमेकींशी 'कचरा आला का' यापलीकडे शब्द बोलला नव्हता, त्या बायका संध्याकाळी मिळून भांगलण करतात. पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजी चार दिवस वाफ्यावर दिसल्या नाहीत, म्हणून दार वाजवलं गेलं आणि त्या तापाने पडून असलेल्या सापडल्या. हे मोजता येत नाही म्हणून ते कुठल्याही प्रस्तावात लिहिलं जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच लिहायला हवं.

पण दुसऱ्या आक्षेपात एक काटा आहे. आम्ही भाजी पिकवली तर त्या पाटीवाल्या मावशींचं काय? पहाटे चारला उठून, एसटीच्या भाड्याला पैसे घालून येणाऱ्या बाईच्या पोटावर आमच्या हौसेने पाय पडू नये. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या. बागेतली भाजी विकायची नाही. आणि मावशी जे आणतात ते शक्यतो लावायचं नाही. मेथी-कोथिंबीर थोडी असते, मुलांना आवडते म्हणून. बाकी वाफ्यांत चाकवत, पोकळा, अंबाडी, तांदळी, करडईचा पाला, कुंपणावर पावटा आणि घेवडा, कडेला अळू आणि एक शेवगा. यातलं बरंचसं आता मंडईतही कमी दिसतं. बी मावशींनीच आणून दिलं, जुन्या साडीच्या चिंध्यांत बांधून, आणि त्याचे पैसे आम्ही दिले. मला वाटतं प्रत्येक बागेने अशी एक शिकवणारी नेमावी आणि तिला मानधन द्यावं. गावात कृषी महाविद्यालय आहे, त्याचा सल्ला घ्यावाच. पण रोज सकाळी वाफ्याशी येऊन "मावा पडलाय, निंबोळी मारा" असं सांगणारी तीच असते.

राहिला बागेच्या किल्लीचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. बाग कुणाची? नकाशावर ज्यांचे ५८ प्लॉट आहेत त्यांची? मग भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचं काय, कॉलनीत रोज सहा घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काय, पहाटे रस्ता झाडणाऱ्या माणसाचं काय? आमच्याकडे यावर भांडण झालं. एक गृहस्थ म्हणाले, सभासद नसलेल्यांना नळाला हात लावू देऊ नये. ते वाक्य ऐकून मी गप्प बसू शकले नाही. याच गावात पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना नोकरीच्या बाहेर काढून चहाचं हॉटेल घालून दिलं, आणि स्वतः त्या हॉटेलात जाऊन सर्वांसमक्ष चहा घेत राहिले. सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले असल्याचे त्यांचे हुकूम १९१९ चे आहेत. शंभर वर्षांनी त्याच शहरात एका खुल्या जागेतल्या नळावर 'सभासदांसाठी' अशी पाटी लागणार असेल तर ती बाग नसलेली बरी. करारात हे स्पष्ट असलं पाहिजे : वसाहतीत जो राहतो किंवा जो तिथे रोज कामाला येतो, त्याला वाफा मागता येईल. आमच्याकडे आता अकरा वाफे आहेत, त्यातले तीन भाडेकरूंकडे आणि एक कामवाल्या ताईकडे आहे. तिची अंबाडी सगळ्यांत जोमदार येते.

चालवायचं कुणी? आमच्यासारख्या नव्या वसाहतींत कुठलंच मंडळ धड उभं नसतं, पण पेठांमध्ये तालमी आहेत. कुस्तीसाठी सुरू झालेल्या तालमींनी गणपती, फुटबॉल, पुराच्या वेळी होड्या आणि जेवणाची पाकिटं, असं सगळं केलं आहे. त्यांच्याकडे खोली आहे, हिशेबाची वही आहे, हाकेला धावून येणारी पोरं आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकायची सवय आहे. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत बाग उभी राहायची असेल तर ती तालमीच्या आधारानेच राहील, असं मला वाटतं. अडचण एकच. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाई सहसा जात नाही, आणि भाजीचा वाफा रोज सांभाळणारी बहुधा बाईच असते. तेव्हा बागेची समिती वेगळी असावी, तिच्यात निम्म्याहून जास्त बायका असाव्यात आणि किल्ली त्यांच्याकडे असावी. तालमीने खोरी-पाट्या ठेवायला जागा द्यावी आणि खड्डे खणायला पोरं पाठवावीत.

पेठांमध्ये खुली जागा नाही, हे मला ठाऊक आहे. जुन्या कोल्हापुरातली तळीसुद्धा आपण बुजवली; वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. पण नदीच्या बाजूला, सुतारमळा, दुधाळीकडे, निळ्या पूररेषेच्या आत अशा जमिनी आहेत जिथे बांधकाम करता येत नाही आणि करूही नये. गणपती झाल्यावर पाणी आणि ओल ओसरली की मे अखेरपर्यंत तिथे लोकांना भाजी करता येईल, पावसाळ्यात जमीन नदीची. पुराने आणलेल्या गाळात काय काय मिसळलेलं असतं ते तपासूनच, अर्थात. हरभरा, करडई, मुळा, पालक यांना एवढे महिने पुष्कळ झाले.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांना एक वेळापत्रकाची गोष्ट सांगते. मृग ७ जूनच्या सुमाराला लागतो आणि आपण तेव्हा जागे होतो. वाफे तेव्हा भरलेले असावे लागतात, आणि आतला पाला कुजायला तीन महिने लागतात. पाचट देणारा शेतकरी फेब्रुवारीतच गाठून ठेवा, टेम्पोचं भाडं ठरवा. मार्चमध्ये शेवटचा फड तुटला की त्याला पुढच्या पिकाची घाई असते, आणि तो काडी लावून मोकळा होतो.